एक ठोका, दोन ठोके

खामगावच्या एमआयडीसीतल्या त्या कंपनीत रिकामा कंटेनर आला, की पहिलं काम माल भरायचं नसतं. पहिलं काम असतं, एका जित्याजागत्या माणसाला आत कोंडायचं.

नवीन ड्रायव्हर हे बघून दरवेळी दचकतो. मागे हरियाणाचा एक आला होता. हातातला चहा सांडत धावला, "रै भाई, भीतर आदमी सै! बंद क्यूँ कर रे हो?"

"राहू दे भौ," फोर्कलिफ्टवरचा गणेश पाय हलवत म्हणाला, "तो आमचा रोजचाच हाय."

तो रोजचा माणूस म्हणजे कचरूकाका.

कंपनी सोयाबीनच्या तेलातून निघणारं लेसिथिन परदेशात पाठवते. मधासारखा घट्ट, तपकिरी माल. बिस्किटात जातो, चॉकलेटात जातो. दोनशे किलोचे लोखंडी ड्रम आणि वीस किलोच्या प्लास्टिकच्या बादल्या. ते लाकडी पॅलेटवर मांडायचे, पट्टीनं आवळायचे, वरून प्लास्टिक गुंडाळायचं आणि कंटेनरमध्ये रचायचे. कंटेनरला तिथं कोणी कंटेनर म्हणत नाही, डबा म्हणतात. हा डबा महिना-दीड महिना समुद्रावर असतो. त्याच्या छताला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी थेंब थेंब पाणी आत जातं. ड्रमला गंज, लेबलाचा लगदा, लाकडाला बुरशी. पलीकडचं गिऱ्हाईक नाक मुरडतं.

म्हणून भर उन्हात एकानं आत जायचं. बाहेरच्यांनी दोन्ही दारं लावून दांडे आवळायचे. आतल्यानं अंधारात वर बघत शंभर आकडे मोजायचे, कारण डोळे अंधाराला सरावायला तेवढे लागतातच. भोक असलं तर ते चांदणीसारखं दिसतं. आतून ओरडलेलं बाहेर नीट कळत नाही, नुसतं घुमतं. त्यासाठी माल भरणाऱ्या टोळीनं ठोके ठरवलेले. दारावर आतून एक ठोका, म्हणजे भरा. दोन ठोके, म्हणजे डबा परत.

एक ठोका ऐकू आला की डिस्पॅचचे भालचंद्र साहेब बोर्डाच्या क्लिपमध्ये अडकवलेल्या कागदावर टिक करत. त्यांचा आवाज नाकातून निघतो आणि चष्म्याला आपटून बाहेर येतो. "लाइट टेस्ट, ओके. कचरू, बाजूला व्हा, रिकाम्या डब्याचा फोटो घ्यायचाय. माणूस फोटोत नको. प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर."

"हाव," म्हणून कचरूकाका बाजूला होत.

अकरा वर्षं हे असंच चाललं. अकरा वर्षांतल्या डब्यांचे शेकडो फोटो कंपनीच्या संगणकात आहेत. रिकामा डबा, अर्धा डबा, भरलेला डबा, एक दार बंद, सील. एकाही फोटोत कचरूकाका नाहीत. एकात फक्त चप्पल आली आहे. साहेबांनी तो फोटो पुन्हा काढला होता.

माझी आई, बेबीताई, त्याच कंपनीत बादल्यांवर झाकणं बसवते. रबरी हातोडीनं गोल फिरत टप टप टप. आणि कचरूकाका राहतात आमच्या शेजारच्या खोलीत. त्यामुळे त्यांची अर्धी गोष्ट आईच्या तोंडून येते नि अर्धी भिंतीतून.

ते मूळचे वडनेर भोलजीचे. एकोणिसाव्या वर्षी खामगावात आले ते जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला. जिनिंग बंद पडलं तेव्हा गाठीवाले पांगले, कोणी सुरतेला, कोणी वीटभट्टीवर. कचरूकाका इथंच राहिले, कारण सोजराकाकूंनी सांगितलं, "आता आपल्याच्यानं गाव बदलनं होत नाही बाप्पा." मग हे तेलाचं काम मिळालं. भरलेला ड्रम कसा चालवायचा हे त्यांनी जसं शिकून घेतलं, तसं पुन्हा कोणाला जमलं नाही. ड्रम जरा तिरका करायचा, खालच्या कडेवर तोलायचा आणि वरची कड दोन्ही हातांनी स्टीअरिंगसारखी फिरवत न्यायची. दोनशे किलोचा ऐवज गरगरत लहान पोरासारखा सोबत चालतो. शेवटच्या ओळीत फोर्कलिफ्ट शिरत नाही, तिथं कचरूकाकाच लागत. दोन ड्रमांमध्ये बोट जाईल एवढी फट, कमी नाही, जास्त नाही.

बोलणं मात्र घरात सोजराकाकूंकडे होतं. त्या दोघांचं मिळून बोलत. भिंतीतून यायचं, "अवो, आयकून राह्यले का? भाजीत मीठ कमी हाय म्हना नं! म्हना एकदा! कमी हाय का नाही?"

"हाव."

"मंग सांगाव नं! मी काय अंतरज्ञानी हाओ?"

चार वर्षांपूर्वी सोजराकाकू गेल्या. त्यानंतर भिंतीतून येतात ते कुकरच्या दोन शिट्ट्या, एका ताटाचा आवाज आणि रविवारी फोन. अश्वजित, त्यांचा एकुलता मुलगा, पुण्याकडे गाड्यांच्या कारखान्यात आहे. फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे सगळ्या गल्लीला पाठ आहे.

"बाबा, जेवलात का?"

"हाव."

"बीपीची गोळी घेता ना?"

"हाव."

"मग बरं आहे ना सगळं?"

"हाव."

तिन्ही 'हाव' वेगळे. पहिला खरा. दुसरा ओढलेला, म्हणजे गोळी संपली आहे. तिसरा इतका पटकन येतो, की प्रश्नाचं शेपूट त्याखाली चिरडतं.

आमच्या खोल्यांवर टिनाचं छप्पर आहे. कचरूकाकांच्या टिनाला खिळ्यांची सात भोकं. सोजराकाकू असताना म्हणायच्या, डांबर लावा. पण काकांनी मुद्दाम ठेवली. रविवारी दुपारी दार-खिडकी लावून ते खाटेवर आडवे पडत आणि वर बघत मोजत. सात दिसली, म्हणजे डोळे जाग्यावर. सोमवारी डब्यात जायला माणूस तयार.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर एका रविवारी पाच दिसली. दिवाळीच्या सुमाराला तीन. आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी सूर्य डोक्यावर होता, दार बंद होतं आणि वर नुसतं ताकासारखं पांढुरकं. एकही नाही.

मोतीबिंदू. ते त्यांनाही कळलं होतं. त्यात काही मोठं नाही, आजकाल अर्ध्या तासात काढतात. डोळ्यांचं शिबिर तर शहरातच दर महिन्याला भरतं. कचरूकाका गेलेही. टेबलावरच्या सिस्टरनं नाव लिहिलं, वय लिहिलं, अठ्ठावन्न. मग विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कोनी नाही."

"असं नाही चालत बाबा. ऑपरेशननंतर डोळ्याला पट्टी असते. घरी न्यायला, औषध टाकायला माणूस पाहिजे. मुलगा आहे का?"

"हाव. येईन तो."

तेवढ्यावर उठून आले. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. तीच सिस्टर. "बाबा, मुलगा आला का?"

"हाव," म्हणाले नि दाराकडे बघितलं, जणू तो चपला काढत असावा. मग पाणी पिऊन येतो म्हणून निघाले ते थेट घरी.

अश्वजितला सांगितलं नाही. त्याची रजा कापली जाते. आईला सांगितलं नाही. बाईमाणसाला कसं म्हणायचं, माझ्यासोबत चला? टोळीत सांगायचा तर प्रश्नच नव्हता, कारण टोळीत कडूबा झाला होता. कडूबाची कंबर गेली तेव्हा ठेकेदार फार प्रेमानं बोलला, "कडूबा, आता आराम करा." दुसऱ्या दिवशीपासून कडूबा आराम करतो आहे. रोज सकाळी नऊला जेवणाचा डबा घेऊन घरून निघतो, कंपनीच्या गेटसमोरच्या पुलाच्या कठड्यावर बसतो, आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "आज कोनता माल हाय गा?" आणि दुपारी तिथंच डबा खाऊन घरी जातो. कचरूकाका त्याला रोज उत्तर देत, "ड्रम." आणि मान खाली घालून गेटातून आत शिरत. त्यांच्या घरी तर कडूबासारखी चार माणसंही नव्हती. चार भिंती आणि सात भोकं, तीही आता दिसत नव्हती.

म्हणून ते डब्यात जात राहिले. दारं लागत. शंभर आकडे होत. अंधार दिसे, म्हणजे काहीच दिसत नसे. एक ठोका.

आईला मात्र वास लागला होता. आधी लेबलांवरून. ड्रमचं लेबल पॅलेटच्या बाहेरच्या बाजूला यायला लागतं, म्हणजे पलीकडे उतरवताना वाचता येतं. एक दिवस काकांनी पॅलेट लावला त्याची चारही लेबलं आत, एकमेकांकडे तोंड करून बसलेली.

"कचरूभौ, हे ड्रम काय आपसात बोलून राह्यले का?" आईनं हळूच विचारलं.

काकांनी ड्रमांभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "हाव, चुकलं."

गणेशला बोलावून आईनं ते फिरवून घेतले. नंतर तिला दिसलं, की काका बादल्यांची झाकणं आता बघत नाहीत, बोटानं चाचपतात, आंधळा माणूस ताटाची कड चाचपतो तसं. ती घरी आली नि म्हणाली, "त्या मानसाच्या डोयात काईतरी झालं व माय." आणि भिंतीकडे बघत भाकरी थापायला बसली. दुसऱ्याच्या घरचं झाकण आपण कसं उघडायचं, हा तिचा प्रश्न.

मार्चमध्ये बाहेरून तक्रार आली. भालचंद्र साहेब मोबाइल पुढे धरून शेडमध्ये आले. जानेवारीत गेलेला डबा. पलीकडे दार उघडल्यावर काढलेला फोटो. पॅलेट जसेच्या तसे उभे, बोटभर फटीसकट. पण वरच्या थरावर गंजाचे ओघळ आणि बादल्यांची लेबलं लोंबलेली.

"हे बघा कचरू. दिसलं?"

काकांनी मोबाइल नाकाला लावला. त्यांना एवढंच दिसलं, की काहीतरी तपकिरी आहे.

"हाव," म्हणाले.

"तुमची टेस्ट ओके होती. माझ्याकडे टिक आहे. म्हणजे भोक नंतर पडलं, बंदरावर क्रेननं आदळलं असणार. मी तसंच कळवतो. तुम्ही टेन्शन घेऊ नका. कागद आपल्या बाजूनं आहे!"

साहेब खुशीत गेले. कचरूकाका ड्रमच्या टोपणावर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते. आई म्हणते, त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. साहेबांनी तर त्यांच्या एका ठोक्यावर आपली सही ठोकून दिली होती.

पुढचा डबा गुरुवारी आला. ऊन असं, की दांड्याला हात लावला तर चटका. काकांनी आत जाऊन झाडून घेतलं. आतून म्हणाले, "लावा."

गणेशनं दारं लावली, दांडे आवळले. टोळी सावलीला बसली, चहाचे ग्लास फिरले. शंभर आकडे म्हणजे एक चहा, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. चहा संपला.

ठोका आला नाही.

"आज आकडे मोठे घेऊन राह्यले काका," गणेश म्हणाला.

कोणी हसलं. मग हसू थांबलं. आईची हातोडी थांबली, तिच्या बाजूच्या बायांच्या थांबल्या. शेडमध्ये कधी ऐकू येत नाही ते ऐकू यायला लागलं, पत्रा तापून होणारा टणटण आवाज, रस्त्यावरचा हॉर्न. ड्रायव्हरनं टायरावर पाय आपटला, "चाचा सो गया के?"

भालचंद्र साहेबांनी घड्याळ पाहिलं. "सात मिनिटं. हे प्रोसिजरमध्ये नाही. उघड रे, उघड आधी!"

गणेशनं दांडा ओढला. दार उघडलं. कचरूकाका अगदी दाराशी उभे होते, घामानं निथळत, उजवा हात उचललेला, मूठ वळलेली. ठोका द्यायला उचललेला हात तसाच हवेत राहिला होता.

"काय झालं? गरगरलं का?"

"नाही साहेब. मले नाही दिसत."

"भोक दिसत नाही ना? मग झालं की! ओके!" साहेबांनी पेन उघडलं.

"तसं नाही साहेब." काकांनी उचललेला हात खाली घेतला. एवढं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून क्वचितच निघायचं. "भोक असलं तरी मले दिसत नाही. संक्रांतीपासून. मांगच्या डब्यातलं पानी माह्यापायी गेलं. क्रेनपायी नाही."

साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं. त्याचा निळा ठिपका मोठा मोठा होत गेला.

"अहो, मी तर कळवून टाकलंय," ते अगदी हळू म्हणाले. त्या वेळी त्यांचा आवाज नाकातून आला नाही. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं. बरं झालं सांगितलंत. म्हणजे बरं झालं नाही, पण... कचरू, तुम्ही आता घरी जा. चार दिवस आराम करा."

आराम. तो शब्द पडला तशी टोळीतल्या सगळ्यांनी गेटच्या दिशेनं पाहिलं. पलीकडे कठड्यावर कडूबा जेवणाचा डबा सोडत होता.

"हाव," कचरूकाका म्हणाले. त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली आणि भिंतीच्या आधारानं चालत निघाले. मागे गणेश डब्यात शिरला, दारं लागली, वीस आकड्यांतच एक ठोका आला.

शुक्रवारी भिंतीतून काही आलं नाही. कुकर नाही, ताट नाही. शनिवारी सकाळीही नाही. आई दहा वाजेपर्यंत स्वतःशी भांडली. मग पदर खोचून गेली आणि त्यांच्या दाराची कडी वाजवली.

"कचरूभौ, जय भीम. चला."

"कुठी?"

"डोये दाखवाले. आज शिबिर हाय."

"जाऊन आलो मी दोनदा." कडी निघाली नाही. मग, "तठी सोबतीले मानूस लागते."

"मंग मी काय म्हैस हाओ?"

आतून वेगळाच आवाज आला. खोकला असेल, हसू असेल. मग चपला शोधल्याचा.

शिबिरात तीच सिस्टर होती. तिनं काकांना ओळखलं, पण मुलाचं विचारलं नाही. "सोबत कोण? तुम्ही? नातं काय?"

आई अडकली. बहीण म्हणावं तर खोटं. शेजारी म्हणावं तर शेजारी तर कोणीही असतं.

"आमी एकाच डब्यावर हाओ," ती म्हणाली.

"एकाच काय?"

"डब्यावर. मी झाकन लावतो, हे भरते."

सिस्टरनं दोघांकडे बघितलं आणि 'सहकारी' असं लिहिलं. आईनं खाली सही केली, बे, बी, प्रत्येक अक्षर वेगळं बसवून.

एका डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी झालं. थेंब टाकायला आई दिवसातून चारदा जाई. अश्वजितला तिनंच फोन लावला. "अहो मावशी, मला कोणी काही सांगितलंच नाही! मी काय परका आहे का?" तो पुण्याच्या आवाजात तावातावानं बोलत होता. मग आईनं फोन काकांच्या कानाला लावला. आणि पलीकडून अगदी वडनेरचा आवाज आला, "बाबा, काऊन नाही सांगतलं मले?"

"तुही रजा कापली जाते."

"मंग कापू द्या नं बाबा."

तो रविवारी आला. पहाटेच्या गाडीनं उतरला, संध्याकाळच्या गाडीनं गेला. दिवसभर बापाशेजारी बसून थेंबांच्या वेळा मोबाइलमध्ये भरत होता. निघताना म्हणाला, "चला नं माह्यासंग."

"तठी मी काय करू?"

त्यानं बॅग खांद्याला लावली नि गाडीच्या वेळेला निघाला. भिंतीतून त्या संध्याकाळी एका ताटाचा आवाज आला.

पट्टी निघाल्यावर काकांना सगळ्यात आधी काय दिसलं असेल, तर आपली खोली. ते दोन दिवस नुसती भांडी घासत होते. ताटाच्या कडेला काळी मळी, पातेल्याला खालून थर, चादरीवर डाग. "मले वाटे मी साफ राह्यतो," ते आईला म्हणाले, नजर चुकवत. "तुमी आल्या तवा असंच होतं का सारं?"

"मले काई दिसलं नाही बा," आई म्हणाली. तिचे डोळे चांगले आहेत.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी दार-खिडकी लावली आणि खाटेवर पडून मोजलं. सात नव्हती. आठ होती.

आठवं नवीन होतं, भिंतीच्या बाजूला. त्यातून आलेला उन्हाचा ठिपका सरकत सरकत नेमका सोजराकाकूंच्या फोटोवर येऊन थांबत होता. फोटोत काकूंच्या डाव्या गालावर नखाएवढा पांढरा डाग पडला होता, रंग उडून. किती महिने रोज दुपारी तो ठिपका तिथं बसत होता कोण जाणे. काकांनी बोटानं पुसून पाहिला. पुसला गेला नाही.

खूप वेळानं भिंतीतून त्यांचा आवाज आला. फोन नव्हता, कोणी आलेलं नव्हतं.

"अवो, मले दिसलंच नाही."

त्या आवाजात तो 'अवो' काकूंचा होता. हेलसुद्धा तोच. आई तवा उतरवून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिडी मागून आणली नि तेवढ्या एका भोकाला डांबर लावलं. बाकीची सात राहू दिली.

दीड महिन्यानं ते पुन्हा कंपनीच्या गेटवर उभे राहिले. खिशात डॉक्टरांचा कागद. कठड्यावरून कडूबानं विचारलं, "आत घेतीन का गा तुले?"

"पाहू." त्या दिवशी ते लगेच गेले नाहीत. कठड्यावर कडूबाशेजारी बसले. मग उठले.

भालचंद्र साहेबांनी कागद दोनदा वाचला. जानेवारीच्या डब्याचं पत्र त्यांनी दुरुस्त करून पाठवलं होतं, त्यासाठी वरिष्ठांची बोलणीही खाल्ली होती. आईनं सांगितलं म्हणून आम्हाला माहीत. ते स्वतः तसं काही बोलले नाहीत. म्हणाले, "एकच डोळा झालाय."

"दुसरा पावसायात."

"तोवर आत तुम्ही जाल आणि नंतर गणेशही जाईल. दोन टेस्ट, दोन टिक. मी रकाना वाढवलाय. प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर." आणि मग हळूच, "जा."

डबा उभाच होता. काका आत गेले. झाडलं. "लावा."

दारं लागली. टोळी सावलीला बसली, पण ग्लास कोणी उचलला नाही. सगळे ओठ हलवत मोजत होते, गणेश तर मोठ्यानं. "अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर."

ठोका आला नाही.

गणेशनं आईकडे बघितलं. आईनं साहेबांकडे. साहेब क्लिपबोर्ड छातीशी धरून दाराजवळ गेले नि त्यांनीच बाहेरून बोटाच्या पेरानं वाजवलं, परक्या घराचं दार वाजवावं तसं.

"कचरू? दिसतंय ना?"

आतला आवाज घुमत, तुटत आला. साहेबांनी कान पत्र्याला लावला. तो तापला होता, तरी लावला.

"काय म्हणतात?" गणेश.

"म्हणतात, काहीच नाही दिसत."

आईच्या हातातली हातोडी खाली आली. साहेबांनी हात वर करून तिला थांबवलं. आतून अजून काही येत होतं. ते ऐकून साहेब सरळ उभे राहिले. कानावर लाल चट्टा.

"म्हणतात, काळंभोर आहे. मधी पांढरं होतं तसं नाही, साफ काळं. आणि म्हणतात, अजून शंभर मोजू द्या."

"काऊन?"

"नाही सांगितलं."

मग टोळीनं पुन्हा एकपासून सुरुवात केली. गणेशनं या वेळी मनातच मोजलं. ड्रायव्हर तोंड उघडणार होता, आईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं बिडी कानावर परत ठेवली. त्या लोखंडी अंधारात एक माणूस एकटा उभा होता आणि बाहेर नऊ जण त्याच्यासाठी गप्प बसले होते. हे त्याला आत दिसत नव्हतं.

दोनशेला एक ठोका आला.

दार उघडलं. कचरूकाका डोळे मिचकावत बाहेर आले, कोणाकडे न बघता पहिल्या पॅलेटपाशी गेले आणि लेबलं बाहेरच्या बाजूला आहेत का ते वाकून पाहू लागले. मग गणेश आत जाऊन आला, त्याचाही एक ठोका आला, दुसरी टिक झाली. साहेबांनी मोबाइल काढला.

"बाजूला व्हा. रिकाम्या डब्याचा फोटो."

"हाव," म्हणून कचरूकाका बाजूला झाले.